पत्र्याच्या कोठीला घाम का सुटतो?

खरिपाचे धान्य घरात आले की कोठ्या भरल्या जातात. थंडी वाढल्यावर मात्र काही घरांत कोठीचे झाकण उघडताच आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात, वरचे धान्य दमट लागते व कुबट वास येतो. कोठी गळत असावी असे समजून अनेकजण तिला डाग देऊन आणतात. परंतु पाऊस नसताना दिसणारे हे पाणी बाहेरचे नसून बहुधा धान्यातलेच असते.

पाणी येते कोठून?

हवेत नेहमीच पाण्याची वाफ असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते. हीच हवा १० अंशांपर्यंत थंड झाली की फक्त ९ ते १० ग्रॅम मावते. जास्तीच्या वाफेचे पाणी होते व ते थंड पृष्ठभागावर जमते. पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर किंवा छपराच्या पत्र्यावर दिसणारे थेंब याच कारणाने येतात.

कोठीतही असेच घडते. रात्री पत्रा लवकर थंड होतो, पण मधले धान्य उबदार राहते. कडेची थंड हवा खाली उतरते, मधली उबदार हवा धान्यातील ओलावा घेऊन वर चढते आणि थंड झाकणाला लागताच तिचे पाणी होते. ते थेंब वरच्या थरावर पडतात. हवा कोरडी झाली की धान्य पुन्हा ओलावा सोडते. असा क्रम रात्रीमागून रात्री चालतो. शेणामातीने सारवलेली कणगी थोडा ओलावा शोषून घेते व बाहेर सोडते. पत्र्यातून तो जात नाही. म्हणून कोठीत धान्य भरताना जास्त काळजी घ्यावी लागते.

नुकसान कोणते?

दमट थरात बुरशी वाढते, धान्याच्या गाठी होतात, किडींचे फावते व बियाण्याची उगवणशक्ती घटते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते धुतल्याने किंवा शिजवल्याने पूर्णपणे जात नाही आणि जनावरांच्या खाद्यातून दुधातही उतरते.

उपाय

१) तृणधान्ये १० ते १२ टक्के व कडधान्ये ८ ते १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावीत. ५ क्विंटल धान्याचा ओलावा १४ वरून ११ टक्क्यांवर आणताना सुमारे १७ लिटर पाणी निघून जाते. ते अंगणातच गेलेले बरे.

२) घरच्या घरी परीक्षा करावी. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश धान्य व दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे आणि १५ मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांहून जास्त समजावा. न चिकटले तरी धान्य दाताखाली कट्कन फुटेपर्यंत ऊन द्यावे.

३) उन्हातले गरम धान्य लगेच भरू नये. सावलीत पूर्ण निवल्यावरच भरावे. मात्र रात्री उघड्यावर दवात ठेवू नये.

४) कोठी फळ्यांवर किंवा विटांवर, भिंतीपासून एक-दीड फूट दूर ठेवावी. उघड्या पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये.

५) कोठी शक्यतो पूर्ण भरावी. थंडीत झाकणावर कोरडी पोती टाकावीत.

६) हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, कोरड्या हवेत दुपारी झाकण उघडून पाहावे. थेंब दिसल्यास पुसून घ्यावेत. धान्य दमट असल्यास सर्व बाहेर काढून पुन्हा वाळवावे. बुरशी आलेल्या गाठी चांगल्या धान्यात मिसळू नयेत, जनावरांनाही घालू नयेत. त्या पुरून टाकाव्यात.

कोठीला घाम सुटला म्हणजे धान्य पुरेसे वाळले नव्हते किंवा गरम असतानाच भरले गेले, असे प्रथम समजावे. डाग देण्यापूर्वी मूठभर धान्याची परीक्षा करावी. कोठी भरण्यापूर्वी आणखी एक-दोन दिवस ऊन दिल्यास वर्षभराचे धान्य सुरक्षित राहील.