राणीछाप रुपया : भोक बुजवावे का?

(इयत्ता सातवी)

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका रुपयावरून आठ दिवस बोलणे चालले होते. रुपया साधा नव्हे, चांदीचा राणीछाप. तो आमच्या आजीच्या सासूबाईंच्या माळेतला. माळेत असे अकरा रुपये होते. १९७२ च्या दुष्काळात त्यातले दहा एकेक करून मोडले आणि हा एकच राहिला. त्याला वरच्या कडेजवळ भोक आहे. माळेत ओवायचा म्हटल्यावर भोक पाडावेच लागते.

झाले असे की, आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. पैसे हवे होते. आमच्या बाजारात जुनी नाणी घेणारा एक माणूस येतो, त्याला अण्णांनी रुपया दाखवला. तो म्हणाला, "भोक आहे, तेव्हा चांदीच्या वजनाचाच भाव मिळंल. भोक बुजवून, पॉलिश करून आणा, मग जास्त देतो." अण्णांना ते पटले. आई म्हणाली, बुजवायला सोनार किती घेईल ते आधी विचारा. आजी काहीच बोलली नाही. मी शाळेत गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, "आधी नाणं नीट बघू. न बघताच दुरुस्त काय करणार?" मग शाळेतले भिंग घेऊन आम्ही चार दिवस जे बघितले ते इथे लिहीत आहे.

रुपयाच्या एका बाजूला मुकुट घातलेली राणी आहे आणि इंग्रजीत 'व्हिक्टोरिया क्वीन' अशी अक्षरे आहेत. १८७७ पासूनच्या नाण्यांवर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' म्हणजे सम्राज्ञी आले. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या आत 'वन रुपी इंडिया १८६२' असे आहे. साल वाचून मला फार आनंद झाला. पण गुरुजींनी सांगितले की १८६२ हेच साल घालून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडत होते! मग आपला नेमका कधीचा? भिंगातून सालाच्या खाली अगदी बारीक ठिपके दिसले. मी सात मोजले, मैत्रिणीने सहा मोजले. एक ठिपका फारच पुसट आहे. जाणकार लोक अशा ठिपक्यांवरून रुपया कधी पाडला याचा अंदाज करतात. खसखशीपेक्षा लहान ठिपके, पण नाण्याचे वय त्यांच्यात आहे.

नंतर वजन केले. टांकसाळीतून निघताना या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक जुना तोळा असे. जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. हल्ली सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतात. मी पहिला हिशेब १० चाच केला, तर आमचा भोकाचा, झिजलेला रुपयाच जास्त भरायला लागला, आणि सगळे हसले. काट्यावर तो ११.४१ ग्रॅम भरला. म्हणजे पाव ग्रॅम गेले, काही भोकात आणि काही झिजून. या रुपयात १२ भागांपैकी ११ भाग चांदी असते. तेव्हा ११.४१ ला ११ ने गुणून १२ ने भागले, तर १०.४६ ग्रॅम चांदी आली. नुसत्या चांदीचा भाव काढायचा तर एवढ्याचाच काढावा.

(घरी जुने रुपये असतील त्यांनी साल जरूर बघा. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच घालू लागले आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. सगळे जुने रुपये चांदीचे नसतात.)

आता भोकाविषयी. भोक गोल असेल असे मला वाटले होते. भिंगातून ते लांबट दिसले. रुपयाच्या कडेकडच्या बाजूला ते ओघळल्यासारखे झाले आहे. गुरुजी म्हणाले, रुपया गळ्यात लोंबतो तेव्हा तारेची कडी याच बाजूला घासते. म्हणजे नुसते भोक पाडून ठेवलेला हा रुपया नाही, कितीतरी वर्षे कुणीतरी तो अंगावर वागवला आहे. हे मी घरी सांगितले तेव्हा आजी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "शेतात जाताना बी काढत नव्हत्या त्या. निंदताना वाजायची माळ."

अण्णा आणि मी सोनारकाकांकडे गेलो. काकांनी सरळ सांगितले. भोकात चांदीचा तुकडा बसवायचा, टाकणखार लावून आगीवर झाळायचा, मग कानशीने सारखा करायचा. एवढ्याने भागत नाही. भोकात वेलीचे एक फूल गेले आहे, ते हाताने कोरावे लागेल. बुजवलेली जागा पांढरी आणि बाकी रुपया काळसर दिसेल, म्हणून सगळ्याला पॉलिश मारावे लागेल. मी विचारले, "काका, ठिपके राहतील का?" काकांनी भिंग डोळ्याला लावले आणि म्हणाले, "पॉलिशनं जातील गं. निदान तो पुसटवाला नक्की." मग अण्णांना म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर मी करून देतो, पण ज्याला कळतं तो भिंगातून झाळ ओळखणारच."

नाणी जमवणारे लोक भोकाचे नाणे खराब धरतात हे खरे आहे. पण बुजवलेले आणि पॉलिश केलेले नाणेसुद्धा ते खराबच धरतात. म्हणजे मजुरी जाऊन नाणे होते तिथेच राहणार. जास्त पैसे कधी मिळतील? घेणाऱ्याला झाळ दिसली नाही आणि आपण सांगितले नाही तरच. अण्णा हे ऐकून गप्प झाले. घरी येताना म्हणाले, "म्हणजे तो बाजारवाला पुढं कुणाला तरी फसवणार, आणि मजुरी आपण द्यायची!"

वस्तुसंग्रहालयात नाणी दुरुस्त करीत नाहीत असे नाही. पण तेथे पुढे काढून टाकता येईल अशीच दुरुस्ती शक्यतो करतात आणि काय केले त्याची नोंद ठेवतात. झाळलेला तुकडा काढता येत नाही, आणि उडालेला ठिपका परत येत नाही.

आमच्या आईचे मत होते की भोक राहू द्या, पण रुपया निदान चिंचेने घासून लख्ख तरी करा. तेव्हा मी आमचा तांब्या आणला. आजीच्या लग्नात मिळालेला, त्यावर देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. दर सणाला चिंच आणि राख लावून आपण तो घासतो. नाव गळ्याजवळ वाचता येते, पण फुगीर पोटावर जिथे हात जोरात फिरतो तिथली चार अक्षरे पार गेली आहेत. खोल कोरलेले नाव गेले, मग उठावाची बारीक अक्षरे किती टिकतील? चांदीवरचा काळा थर पातळ असतो आणि तो रुपयाला खात नाही. आईने तांब्या उलटसुलट करून बघितला आणि चिंच परत ठेवली.

पण सगळेच नुकसान असे होऊन गेलेले नसते. आमच्या देवघरात एक शिवराई आहे. तांब्याचे जाड नाणे, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. (ही अक्षरे पेशवाईतही पाडत असत, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या वेळचीच असे म्हणता येत नाही.) रुपया बघता बघता आम्ही तीही भिंगाखाली घेतली. तिच्यावर दोन प्रकारचे हिरवे आहे. एक गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेले. ते जुन्या तांब्याचे कवच आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसरे फिकट हिरवे, पिठासारखे, बोट लावले की सुटते. हे वाईट! मिठातला क्षार आणि ओल मिळाली की हे तांबे आतून खात जाते आणि खड्डे पडतात. रुपयाचे भोक उद्याही एवढेच राहील, पण शिवराईचा खड्डा ओल मिळेल तसा वाढेल. म्हणजे आम्ही ज्या नाण्यासाठी आठ दिवस बोलत होतो ते बरे होते आणि आजारी दुसरेच!

शिवराईला ओल कुठून मिळते हे शोधायला लांब जावे लागले नाही. रोज आंघोळ आणि सणाला पंचामृत. आजीला सांगायचे कसे हाच प्रश्न होता. अण्णा म्हणाले, "तूच सांग, माझं नाही ऐकायची." मी भिंग आजीच्या हातात दिले. तिने खूप वेळ बघितले. मग म्हणाली, "देवाला बिनआंघोळीचं ठेवू व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी तिचे तिनेच ठरवले. पाणी नाण्याभोवती ओवाळून ताम्हणात सोडते आणि नाण्यावर फक्त फूल ठेवते. पीठ आम्ही कोरड्या मऊ कुंचल्याने हलकेच झटकले. ते पुन्हा आले तर जाणकाराला दाखवायचे आहे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये नाणेशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली, ती गुरुजींना माहीत आहे.

रुपया आता कोऱ्या कागदाच्या पुडीत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, काही प्लॅस्टिकमुळे नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. पुडीवर मी वजन, साल आणि 'भोक आहे, बुजवलेले नाही' असे लिहिले आहे. मोटर अण्णांनी उधारीवर भरून आणली, कांदा विकल्यावर पैसे द्यायचे आहेत. रुपया विकायचा की ठेवायचा हे घरात अजून ठरलेले नाही. आजी म्हणते, "विकायचा तर भोकासकट विका."

ज्यांच्या घरी जुने नाणे असेल त्यांनी शनिवारी मधल्या सुट्टीत घेऊन यावे, भिंग गुरुजींच्या टेबलावर असते. येताना घासून आणू नये.