प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर पाठवताना

पोरी, मुर्ध्याहून भाईंदर पूर्वेचे गाळे काही लांब नाहीत. पण तुझ्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारा बिलिंगचा प्रोग्राम तिथल्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात उघडेलच असं नाही. तिथल्या मशीनवर पायथॉन नाही, तुझ्या लायब्ररी नाहीत. मिठागरावर जाणारा माणूस प्यायचं पाणी घरूनच नेतो, तसं प्रोग्रामला लागणारं सगळं त्याच्यासोबत गेलं पाहिजे. ही बांधाबांध करून एक्झी बनवण्याचं काम पायइन्स्टॉलर हा प्रोग्राम करतो. काय मागे राहिलं ते आपण शोधायचं.

आधी चूक दिसू दे. 'विंडोड' पर्याय दिला की काळी खिडकी जाते आणि तिच्यात छापले जाणारे त्रुटीचे संदेशही. पहिली एक्झी कन्सोलसकट बनव. डबल क्लिक न करता कमांड प्रॉम्प्टमधून चालव आणि शेवटची ओळ आधी वाच.

एका फाईलची घाई करू नको. आधी फोल्डरच्या रूपात बांध. 2023 मध्ये आलेल्या पायइन्स्टॉलर 6 पासून सगळं सामान 'इंटर्नल' नावाच्या फोल्डरात जातं. तो उघडून बघ. काय आलं नाही ते डोळ्यांनी दिसतं.

प्रोग्राम 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणाला, तर गोंधळू नको. पायइन्स्टॉलर मुख्यतः कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी वाचून यादी करतो. मॉड्यूलचं नाव प्रोग्राम चालू असताना ठरत असेल, तर ते त्याला कळत नाही. ते 'हिडन इम्पोर्ट' म्हणून तू सांगायचं. 'बिल्ड' फोल्डरात 'वॉर्न'ने सुरू होणारी फाईल असते, तीही वाच. तिथलं प्रत्येक नाव म्हणजे चूक नव्हे; बरीचशी लिनक्स किंवा मॅकपुरती असतात.

वाचायच्या आणि लिहायच्या फाईली वेगळ्या ठेव. लोगो, फॉन्ट 'ॲड डेटा'ने सोबत दे आणि त्यांचा पत्ता कोडच्या फाईलपासून काढ. बिलांचा डेटाबेस मात्र तिथे कधीच ठेवू नको. एका फाईलची एक्झी उघडताना तात्पुरत्या फोल्डरात सुटते आणि बंद होताना तो फोल्डर पुसला जातो. दिवसभराची बिलं त्याबरोबर जातील. डेटाबेसची जागा वापरणाऱ्याच्या 'ॲपडेटा'त.

मराठी मजकुराला एन्कोडिंग सांग. फाईल उघडताना यूटीएफ-8 लिहिलं नाहीस, तर विंडोज स्वतःचं जुनं कोडपेज धरतं आणि गिऱ्हाइकाचं देवनागरी नाव आलं की प्रोग्राम पडतो.

जिथे चालवायचं, तिथलंच बांध. लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी होत नाही. 32 बिटच्या मशीनला 32 बिटचा पायथॉन लागतो. गाळ्यात अजून विंडोज 7 असेल, तर पायथॉन 3.8च्या पुढे जाऊ नको. प्रत्येक प्रकल्पाला नवं, कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कर.

बाहेरच्या प्रोग्रामांची यादी कर. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर पायथॉनमध्ये आहे. पण सर्किटचा आराखडा कायकॅडमध्ये काढतात आणि गणित एनजीस्पाइस करतो. असं सॉफ्टवेअर नुसता पायथॉन बांधून पुरं होत नाही. तुझा कोड बाहेरची कोणती एक्झी चालवतो, ते शोधून ठेव.

अँटिव्हायरस बंद करायला कुणाला सांगू नको. खरी एक्झीही संशयात सापडते. यूपीएक्सने फाईल दाबून लहान करणं बंद कर, फोल्डरच्या रूपात दे, अँटिव्हायरस कंपनीला तपासायला पाठव, परवडेल तेव्हा डिजिटल सही घे. तुझ्या सोयीसाठी दुसऱ्याचं मशीन उघडं पाडणं बरोबर नाही.

कोऱ्या मशीनवर तपासल्याशिवाय देऊ नको. विंडोज 10 आणि 11च्या प्रो आवृत्तीत 'सँडबॉक्स' आहे. दर वेळी नवं कोरं विंडोज मिळतं. तिथे उघडणं, बिल करणं, छापणं, बंद करून पुन्हा उघडणं, सगळं कर.

आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल कर, तो पायइन्स्टॉलरच्या स्पेक फाईलमध्ये उतरव. पायथॉनची आणि लायब्ररींची आवृत्ती लिहून ठेव. माल भरून टेम्पो दारात उभा असताना बिल अडकलं, तर गाळ्यातल्या माणसाला तुझ्या प्रोग्रामचा त्रुटीचा इंग्रजी संदेश वाचून काही करता येत नाही. त्याची ती वेळ वाचवायची जबाबदारी तुझी आहे, आणि ती इथे, बांधतानाच पार पाडायची.