गाडीची चेसिस गंजली? मिरगाआधी हे करा

सख्यांनो, गटाचं किंवा घरचं पिकअप असेल तर रोज पुसतो तो पत्रा. पण सगळा भार पेलते ती खालची चेसिस, आणि तिकडे कुणी वाकून पाहत नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आणि चेसिस मात्र कुजलेली, असं व्हायला नको.

गंज का चढतो?
लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज चढतोच. त्यात मीठ मिसळलं की तो झपाट्याने वाढतो. पोटॅशसारखी खतं म्हणजे क्षारच. अंबड-घनसावंगीकडे मोसंबी वाहणारी गाडी परतताना खताची पोती आणते. फुटक्या पोत्यातलं खत हौद्याच्या फटीतून खाली सांडतं. वर आपली काळी माती चिकटून ओल धरून ठेवते.

आधी तपासा
गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. पाट्यांच्या जागा, सांधे आणि हौद्याखालचा भाग हातोडीने हलकेच ठोका. "टण्" वाजलं तर लोखंड शाबूत. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले किंवा पेचकस आत घुसला, तर गंज खोल गेलाय.

घरी काय करता येईल?
१. वरवरचा गंज असेल तरच घरी हात घाला. माती धुऊन काढा, दोन दिवस कडक उन्हात सुकवा.
२. वायर ब्रशने सुटा गंज खरवडा, मग पॉलिश पेपर मारा. चष्मा, हातमोजे, तोंडाला रुमाल हवाच.
३. खाचांत चिकटून राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक द्रावण लावा. त्याने गंजाचा टणक थर बनतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा.
४. रेड ऑक्साईड प्रायमरचे दोन हात द्या. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. त्यावर चेसिसचा काळा रंग मारा.
५. ब्रेकचे पाइप, रबर आणि सायलेन्सर यांना रंग लावू नका. पाणी निघायची भोकं बुजवू नका, नाहीतर आतूनच कुजेल.

जुनं ऑइल फासू नका. रबर फुगतं, धूळ चिकटते आणि गळालेलं ऑइल जमिनीत मुरतं.

वेल्डरकडे कधी?
भोक पडलं असेल, चीर दिसत असेल, तर माल भरणं थांबवा. भरल्या गाडीची चेसिस रस्त्यात मोडली तर जिवावर बेतेल. गंजावर पत्रा ठोकून रंग मारणारा नको. कुजलेला भाग शाबूत लोखंडापर्यंत कापून तेवढ्याच जाडीची पट्टी जोडणारा जाणकार कारागीर गाठा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढल्या का, डिझेलची टाकी आणि पाइप दूर केले का, हे स्वतः उभं राहून बघा.

लक्षात ठेवा: मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी करावं लागतं. कुजलेली चेसिस तिथेही अडवते.

बैठकीत ठरवा
खत वाहिलं की त्याच दिवशी गाडी खालून कोण धुणार? मिरगाआधी आणि दिवाळीनंतर तपासणी कोण करणार? नाव आणि तारीख इतिवृत्तात लिहा. रंगाचा खर्च आजच बाजूला काढून ठेवा.