रक्तातील कोलेस्टेरॉल : कारण की केवळ खूण?

रक्तात एखादे द्रव्य अधिक आढळणे आणि त्या द्रव्यामुळे रोग होणे, या दोन भिन्न गोष्टी होत. शर्करा, मेदाम्ले, ॲमिनो आम्ले असे चयापचयातील कितीतरी पदार्थ रक्तातून अखंड वाहत असतात. हृदयरोग्यांमध्ये यांपैकी अनेकांचे प्रमाण बदललेले दिसते. परंतु बदलामुळे रोग झाला की रोगामुळे बदल, हे केवळ रक्त तपासून सांगता येत नाही. येथे आनुवंशिकतेचे साहाय्य होते. मातापित्यांच्या जनुकांची वाटणी गर्भधारणेच्या वेळीच होऊन जाते. पुढील आहार, व्यसने वा आजार यांमुळे ती बदलत नाही. निसर्गाने मांडलेला हा एक प्रयोगच म्हणावयाचा.

कोलेस्टेरॉलचे उदाहरण घेऊ. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे मेदप्रथिनांच्या सूक्ष्म कणांतून वाहून नेले जाते. कमी घनतेच्या कणांना एलडीएल, तर अधिक घनतेच्या कणांना एचडीएल म्हणतात. अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल कण पकडून आत घेणारी ग्राही प्रथिने असतात. त्यांचे जनुक सदोष असल्यास कण रक्तात साचतात व रोहिण्यांच्या भित्तींत शिरतात. असे एक सदोष जनुक सुमारे २५० व्यक्तींमागे एकीत आढळते. दोन्ही प्रती सदोष असणाऱ्यांना तर बालपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. या संशोधनाबद्दल दोघांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याची उलट बाजूही पुढे दिसून आली. पीसीएसके९ हे प्रथिन वरील ग्राहींचा नाश घडवून आणते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत, ज्या कृष्णवर्णीय व्यक्तींत त्याच्या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी होती, त्यांचे एलडीएल सरासरीने २८ टक्के कमी आढळले. हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराचा धोका मात्र ८८ टक्क्यांनी घटलेला होता. अल्प घट, परंतु ती आजन्म लाभलेली!

एचडीएलची कथा निराळी आहे. ते अधिक असणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, म्हणून त्याला ‘चांगले कोलेस्टेरॉल’ हे नाव पडले. तथापि एचडीएल वाढविणारा एक जनुकभेद असलेल्यांना त्यापासून संरक्षण मिळत नाही, असे २०१२ साली दिसून आले. ते वाढविणाऱ्या औषधांनीही अपेक्षाभंगच केला. तात्पर्य, एलडीएल हे रोगाचे कारण ठरले. एचडीएलचे कमी प्रमाण ही बहुधा केवळ खूण.

हा भेद रोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण खूण पुसल्याने रोग टळत नाही. शिवाय जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे. एलडीएल कमी करणारी परिणामकारक औषधे आज उपलब्ध आहेत. सदोष जनुक असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून अशा कुटुंबात एकाचा दोष उघडकीस आला की त्याच्या भावंडांचे व मुलांचेही रक्त वेळीच तपासून घेणे अगत्याचे ठरते.