गाडीतला अ‍ॅम्प्लिफायर : वायर किती जाड, फ्यूज किती अँपिअरचा?



कारंजा धरणाची मासळी बर्फात भरून आपल्या गाड्या हुमनाबाद, भालकी, बसवकल्याणकडं जातात. कुणाच्या टपावर भोंगा असतो, कुणी सीटमागं मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर बसवलेला असतो. दुकानात गेलं की स्पीकरची चौकशी तासभर होते. वायर आणि फ्यूज मात्र "काहीतरी लावा" म्हणून सोडून देतो. आग लागते ती बहुतेक तिथूनच. म्हणून आजचा धडा यावर. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

१) फ्यूज असतो वायरसाठी

बरेच जण समजतात की बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवतो. तसं नाही. अ‍ॅम्प्लिफायरसाठी त्याच्या अंगावर वेगळा फ्यूज असतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून आपण त्याला हलक्यात घेतो. पण गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते. पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली आणि पत्र्याला टेकली, तर काही सेकंदांत ती लालभडक होते. बाजूला रेक्झिन, थर्माकोलचे डबे, डिझेलची नळी. पुढचं सांगायला नको.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत पाहिजे. मागं अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली, तिला कुणाचं संरक्षण नाही.

२) करंट किती लागणार?

खोक्यावर '३००० वॅट' छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज बघा. ३० अँपिअरचे दोन असतील तर तो जास्तीत जास्त ६० अँपिअर घेणार, असं धरा.

फ्यूज दिसत नसेल तर आरएमएस वॅट बघून हिशोब करा. ४०० वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम असतो, म्हणजे बॅटरीकडून ५०० वॅट ओढतो. चालू इंजिनवर १३.८ व्होल्ट धरले तर ५०० भागिले १३.८, म्हणजे ३६ अँपिअर. जुन्या एबी क्लासमध्ये निम्मी वीज उष्णतेत जाते, तिथं करंट याच्या दीडपट धरा. भोंग्याचा ६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात १० अँपिअरच्या आसपास घेतो.

३) कुठल्या वायरला किती फ्यूज?

खालचे आकडे शुद्ध तांब्याच्या वायरचे आहेत आणि सांभाळून धरलेले आहेत. फ्यूज यापेक्षा मोठा लावू नका.

दीडची वायर (१.५ स्क्वेअर एमएम) : १० अँपिअर
अडीचची : २०
चारची : ३०
सहाची : ४०
दहाची : ६०
सोळाची : ८०
पंचवीसची : १००

नियम एकच. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा कमी नको आणि वायरच्या ताकदीपेक्षा जास्त नको. भोंग्याला अडीचची वायर आणि १५ चा फ्यूज पुरतो. वरच्या ६० अँपिअरवाल्याला कमीत कमी दहाची वायर आणि ६० चा फ्यूज.

पात्याच्या फ्यूजचा रंग लक्षात ठेवा : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. त्याच्या वर बरंच जायचं असेल तर बोल्टनं कसायचा मोठा फ्यूज घ्या.

एका जाड वायरवरून दोन अ‍ॅम्प्लिफायर काढायचे असतील, तर जिथून बारीक वायर सुरू होते तिथं प्रत्येकीला वेगळा फ्यूज पाहिजे.

४) लांबीचा हिशोब

३० अँपिअर करंट चारच्या वायरमधून ५ मीटर नेला आणि तेवढ्याच वायरनं परत आणला, तर १.३ व्होल्ट वाटेतच जातात. दहाची वायर घातली तर अर्धा व्होल्ट जातो. व्होल्ट कमी पडले की आवाज फाटतो, अ‍ॅम्प्लिफायर तापतो. मग आपण स्पीकरला नावं ठेवतो. लांबी जास्त असेल तर एक साईज वरची वायर घ्या.

५) वायर घेताना फसू नका

बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर खूप आहे. एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. तीच घ्यायची असेल तर दोन साईज जाड घ्या. वायर बारीक तारांची, लवचिक असावी. घरातली एकतारी वायर गाडीच्या हादऱ्यानं तुटते. गेजमध्ये मिळत असेल तर आकडा उलटा असतो : ४ गेज जाड, ८ गेज बारीक.

६) मायनसची वायर

ही पण प्लसइतकीच जाड पाहिजे. गाडीत रंग घासून कोरा पत्रा काढा, तिथं बोल्टनं कसा आणि वरून ग्रीस लावा. बोट लाकडाची किंवा फायबरची असेल तर तिला बॉडी अर्थ नाही, दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्याव्या लागतात. लोखंडी बोटीतही दोन्ही वायरी न्या, मायनस बोटीच्या पत्र्याला जोडू नका, पत्रा गंजून खातो. पाण्यावर कल्हई केलेली तांब्याची वायर जास्त टिकते. पेट्रोलच्या टाकीजवळ फ्यूज किंवा सांधा ठेवू नका.

७) फ्यूज उडाला तर

फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. तार गुंडाळू नका, सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालू नका, ३० च्या जागी ६० चा लावू नका. मायनस काढा, वायर घासलीय का, सांधा सैल आहे का, स्पीकरच्या दोन तारा टेकल्यात का, ते बघा. कारण सापडल्यावर तेवढ्याच अँपिअरचा नवीन फ्यूज लावा.

जाता जाता : रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद ठेवणं हा कायदा आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं.

आज गाडी उभी असेल तर एवढंच करा, बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटात फ्यूज आहे का बघा. नसेल तर धंद्यावर निघायच्या आधी मिस्त्रीकडं जा. तीस-चाळीस रुपये वाचवण्यात अख्खी गाडी घालवू नका.

पोस्ट आपल्या वायरिंगवाल्यालाही दाखवा. शंका असेल तर वायरची साईज आणि फ्यूजचा आकडा खाली लिहा, बघून सांगतो.

– चिटणीस