अण्णा भाऊ साठे : लोकनाट्य, कादंबरी आणि हजेरीचा प्रश्न

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. शाळेशी त्यांचा संबंध अवघा दीड दिवसाचा. पुढे कुटुंबासह ते पायी मुंबईस गेले, गिरणीत राबले आणि तेथेच अक्षरओळख वाढवून लेखक झाले. त्यांच्या लेखनाचा विचार करताना नाटककार आणि कादंबरीकार अशी फारकत करू नये, असे आम्हांस वाटते.

१९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. श्रोता कामगार होता. त्यातील पुष्कळांस वाचता येत नव्हते. म्हणून अण्णा भाऊंनी तमाशाच हाती घेतला. गणातील देवस्तुतीच्या जागी श्रमिकांना वंदन आले, गवळण गळाली आणि वगात सावकार, मालक व पुढारी उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘माझी मुंबई’ ही त्याची उदाहरणे. मुंबई सरकारने या तमाशांवर बंदी घातली, यावरूनच त्यांचे सामर्थ्य कळते.

हाच प्रश्न १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत अधिक खोलवर जातो. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा सरकारच्या लेखी गुन्हेगार ठरतो. त्याच्या जमातीस मात्र जन्मतःच संशयित मानून हजेरी लावलेली असते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. आपल्या सोलापुरातील सेटलमेंट ही त्याचीच खूण. तारेच्या कुंपणाआड माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. १९५२ साली हा कायदा देशभरात रद्द झाला. परंतु संशयाची नजर कायद्याबरोबर रद्द होत नाही.

अण्णा भाऊंची जडणघडण कम्युनिस्ट चळवळीत झाली. तथापि वर्गाच्या प्रश्नात जातीचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतील माणसेच सांगतात. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. ‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. या कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक १८ जुलै १९६९ रोजी निवर्तला, तो मात्र दारिद्र्यातच.

इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो, की हजेरी हा शब्द साधा नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावे पोलिसांच्या वहीत होती, त्यांची नातवंडे आज वसतिगृहाच्या हजेरीपटावर ‘उपस्थित’ म्हणतात. पहिल्या हजेरीत पळून जाईल ही भीती होती. दुसरीत येईल ही अपेक्षा आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी ‘फकिरा’ घरी मोठ्याने वाचावी, ही विनंती. वाचता न येणाऱ्यांसाठी ज्याने लिहिले, त्याचे लेखन घरातील आजीपर्यंत पोहोचलेच पाहिजे.