परतीची गाडी आधी विचारा

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. दोन्ही घरांत चारचाकी कधी आली नाही आणि दोन्हीकडून समुद्र फार लांब नाही. लहानपणी बाबांबरोबर, लग्नानंतर नवऱ्याबरोबर आणि आता आईला नि लेकीला घेऊन कोर्लई, बोर्ली, काशिद, नांदगाव, मुरुड हे सगळे किनारे मी एसटीनेच पाहिले. ठाणे-डोंबिवलीचे नातेवाईक विचारतात, "गाडी केल्याशिवाय तिकडे जाता येतं?" येतं. त्यांना दरवेळी फोनवर जे सांगते, ते एकदा लिहूनच काढते.

१. गाडी कोणासाठी सुटते ते ओळखा.

साळाव ते मुरुड पट्ट्यातल्या गाड्यांच्या वेळा शाळा, कचेरी, बाजार आणि मासळी बघून ठरलेल्या असतात. पर्यटक त्या हिशेबात कुठेच नसतो. सकाळी किनाऱ्याकडून येणारी गाडी भरून येते. दप्तरं, सातबाऱ्याच्या कामाला निघालेली माणसं, पाट्या घेतलेल्या कोळणी, सगळे तिच्यात असतात. आपण त्याच वेळी उलट दिशेने निघालेलो असतो, म्हणून जाताना जागा मिळते. दुपारनंतर चित्र फिरतं. हे एकदा मनात बसलं की वेळापत्रक हाताशी नसलं तरी गाडीचा अंदाज येतो.

२. पेणहून एक वाट, रोह्याहून दुसरी.

मुंबईकडचा माणूस दिवा-रोहा मेमूने येतो. आपटा, जिते, हमरापूर झालं की पेण, आणि पुढे कासू, नागोठणे, निडी करत रोहा. पेणला उतरलात तर वडखळ, पोयनाडवरून अलिबाग, तिथून रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळाव. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रेल्वेचे रूळ गेलेले आहेत, पण त्यावरून मालगाड्या जातात. अलिबागला रेल्वेने जाता येत नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगावं लागतं.

रोह्याला उतरलात तर चणेऱ्यावरून थेट साळाव. केळघरवरून डोंगर चढून मुरुडला उतरणारा आणखी एक रस्ता आहे, जंगलाचा आणि वळणांचा.

अलिबागच्या वाटेवर गाड्या पुष्कळ, पण शनिवारी-रविवारी सगळी मुंबई त्याच रस्त्यावर असते. रोह्याच्या वाटेवर गाड्या मोजक्या, रस्ता मात्र मोकळा. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी रोह्याहून जाते आणि येताना अलिबागवरून येते. माहेरचं प्रेम म्हणा हवं तर, पण चणेऱ्याची वाट मला जास्त आवडते. रोह्याच्या पुलाखाली दिसणारी नदी साळावला पोचेपर्यंत केवढी रुंद खाडी झालेली असते!

३. ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरा.

साळाववरून मुरुडकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. येताना डाव्या.

४. परतीची गाडी उतरण्याआधी विचारा.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्या गाडीतून उतरणार, तिच्या कंडक्टरला विचारा. "मास्तर, ही गाडी परत कधी फिरते? हिच्यानंतर कुठली? आणि मुक्कामी कुठली?" तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळी उशिरा गावाकडे जाणारी गाडी पाहून नवख्या माणसाला वाटतं, ही पुढे जाऊन वळेल आणि आपल्याला घेईल. ती मुक्कामाला चाललेली असते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि गाडी पहाटे निघते, पहिल्या पोरांना आणि पहिल्या मासळीला घेऊन. किनाऱ्यावर रात्र काढणार असाल तर पहाटेची ती गाडी सोन्यासारखी. त्याच दिवशी परतायचं असेल तर तिचा उपयोग नाही.

५. शाळेला सुट्टी आहे का, हे कॅलेंडरात बघा.

हे मी चुकून शिकले. जानेवारीत नांदगावहून संध्याकाळच्या गाडीने शाळकरी पोरांच्या घोळक्यात उभी राहून आले होते. तीच वेळ धरून मे महिन्यात लेकीला घेऊन गेले. फाट्यावर उभ्या राहिलो. सावल्या लांब झाल्या, ओले कपडे अंगावरच सुकले, गाडी काही दिसेना. शेवटी पाटी घेऊन चाललेल्या एका मावशी थांबल्या. "अगो, ती शालेची गाडी. आता शाला कुठं हाय?" शाळाच बंद, तर शाळेची फेरी कशी येणार? मी कोणालाच विचारलं नव्हतं.

मावशींनी आम्हाला मासळीच्या टेम्पोत पुढे बसवून साळावपर्यंत सोडलं. साळावहून विक्रम रिक्षा मिळाली, पूल ओलांडून रेवदंडा. रेवदंड्याहून अलिबाग, अलिबागहून पेण. घरी पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. लेक माझ्या खांद्यावर झोपली होती आणि तिच्या केसांना सुक्या बोंबलांचा वास येत होता. तेव्हापासून मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि रविवार असला की फोन करून विचारल्याशिवाय निघत नाही. आषाढी आणि गणपतीच्या दिवसांतही विचारावं, कारण तेव्हा गाड्या जादा फेऱ्यांसाठी बाहेर जातात.

६. थेट गाडीची वाट पाहत बसू नका.

त्या रात्रीनेच हेही शिकवलं. रेवदंडा हा या पट्ट्याचा बिजागर. मुरुडकडून कसंही करून रेवदंड्याला या, पुढे अलिबागपर्यंत एसटी नाहीतर मिनिडोर रिक्षा मिळतेच. टप्पे करायचे तर सुट्टे पैसे जवळ हवेत. चार-सात दिवस फिरायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढा. मग मुरुडच्या पुढे आगरदांड्याला जाऊन बोटीने दिघी गाठता येते आणि तिथून दिवेआगर. पावसाळ्यात बोटींचं आधी विचारून घ्या.

७. तिथी बघून निघा.

बाबा कुठल्याही सहलीआधी कालनिर्णय काढायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती आणि दुपारी अडीचच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि तितक्याच जोरात ओढत नेतं. एसटीने जाणाऱ्याला हा हिशेब जास्तच लागतो, कारण किनाऱ्यावर कधी असायचं हे गाडी ठरवते. उतरलात आणि पाणी ओढीचं असेल, तर वाळूत बसा, शंख वेचा, पण पाण्यात जाऊ नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं मुरुडच्या समुद्रात बुडाली. त्यानंतर काही दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. काशिदला वाळू कितीही देखणी दिसली तरी मी लेकीला गुडघ्याच्या पुढे जाऊ देत नाही.

८. जेवण आधी सांगून ठेवा.

गावातल्या घरगुती खानावळीत तुमच्यासाठी भात वाट बघत नसतो. उतरल्या उतरल्या सांगितलंत तर दुपारी गरम जेवण मिळतं.

९. म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. या दोन गोष्टींनी आमच्या घरातल्या सहली बदलल्या. आईने "कशाला उगाच खर्च" म्हणणं सोडलं. आता तीच विचारते, "कोर्लईला कधी जायचं?"

मागच्या माघात गेलो होतो. फाट्यावर उतरून कोळीवाड्यातून हळूहळू चालत खाडीच्या तोंडाशी आलो. समोर पोर्तुगीजांचा किल्ला, पलीकडे रेवदंडा. आई एका सुकत ठेवलेल्या होडीच्या सावलीत तासभर बसली. बाबा याच जागी चहाचा थर्मास उघडायचे, हे तिने तीनदा सांगितलं. मी तीनही वेळा ऐकलं.

परतीची गाडी मी उतरतानाच विचारून ठेवली होती, त्यामुळे वीस मिनिटं आधी फाट्यावर होतो. गाडी आली. पहिली पायरी उंच, आईचा गुडघा वळेना. कंडक्टर खाली उतरले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "आजी, सावकाश. घाई नाही." आई बसली, पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं, आणि मग त्यांनी डबल बेल दिली.